खांद्यावरचा इंग्रजी आठ

मी सुदर्शनच्या उजव्या खांद्यावरून बोलतोय. खांद्याची गोलाई संपून दंड सुरू होतो, फवारणीच्या पंपाचा पट्टा जिथवर पोचत नाही, तिथे माझा मुक्काम आहे. सुदर्शन मला 'टॅटू' म्हणतो, म्हणून मी 'तो'. त्याची आई प्रयागबाई मला 'गोंदण' म्हणते, म्हणून तिच्या तोंडी मी 'ते'. आठ वर्षं झाली, दोघांनीही आपला हेका सोडलेला नाही. मी दोन्ही हाकांना ओ देतो.

मला बघणाऱ्याला आधी दोन हात दिसतात. म्हाताऱ्या शेतकऱ्याचे हात, डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर नसलेले. हातांत सुतळी आहे, आणि ती सुतळी टोमॅटोचं एक खोड बांबूला बांधते आहे. भोवती चार पानं. संपलं. नाव नाही, तारीख नाही, चेहरा नाही. रंगही नाही, नुसता काळा आणि त्यातच पाणी घालून केलेला करडा.

"कुणाचे हात?" असं कुणी विचारलं की सुदर्शन "वडलांचे" म्हणतो आणि विषय बदलतो. चेहरा का नाही, हे तो सांगत बसत नाही. ते सांगायला मी आहे.

माझा पहिला जन्म मोबाईलमध्ये झाला आणि तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही. जोकरसारखं तोंड रंगवलेली एक बाई, तिच्या डोक्यावर तिरकी हॅट, कानाजवळ गुलाब आणि खाली कुणालाही वाचता येऊ नये इतकं वळणदार अक्षर. सुदर्शनने हे चित्र कुठल्याशा व्हिडिओत बघितलं आणि जपून ठेवलं. याला चिकानो पद्धत म्हणतात, एवढं त्याला कळलं होतं. त्याच्या दोस्ताला, गोरखला, तेवढंही कळलं नाही. तो गावात, डिंगोऱ्यात, सगळ्यांना सांगत सुटला, "सुदा चिकन टॅटू काढतोय." ते प्रयागबाईच्या कानावर गेलं. गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई ती. तिने संध्याकाळी पोराला दारातच धरलं, "सुदा, खांद्यावर कोंबडी काढणार व्हय रं?"

भिमाजी, सुदर्शनचे वडील, त्या दिवशी ओट्यावर बसून मनापासून हसले होते. सुदर्शनला ते हसणं आठवतं. पण हसणारा चेहरा आठवायला गेला की हाती लागत नाही, आणि माझी सगळी कथा इथूनच सुरू होते.

त्या साली उन्हाळी टोमॅटोची बांधणी चालू होती. सकाळच्या उन्हात भिमाजी तिसऱ्या सरीला खाली बसले ते उठले नाहीत. सुतळी हातात तशीच होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दशक्रियेच्या फ्लेक्सला फोटो पाहिजे म्हणून घरात शोधाशोध झाली. लग्नाकार्यातले फोटो ढीगभर निघाले, पण प्रत्येकात भिमाजी मागे, पंगतीत वाढताना नाहीतर कुणाचं तरी सामान उचलताना. टोपी दिसायची, तोंड दिसायचं नाही. सरळ समोर बघणारा फोटो एकच, आधार कार्डावरचा. तो काढताना फोटोवाल्याने टोपी काढायला लावली होती. बिनटोपीचे भिमाजी गावाने कधी बघितलेच नव्हते. मग फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाची तरी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर बसवली. ती जरा मोठी झाली आणि कानांवर आली.

प्रयागबाईने फ्लेक्स बघितला आणि म्हणाली, "हे आमचे न्हाईत."

पण तोच फोटो चौकटीत जाऊन भिंतीवर बसला, त्याला हार पडला, आणि येणारा-जाणारा त्यालाच हात जोडू लागला. चार महिने तो रोज समोर बघून सुदर्शनची पंचाईत झाली. डोळे मिटले की त्याला वडील दिसत नव्हते, भिंतीवरचा टोपीवाला दिसत होता. तो घाबरला. वडील गेले हे त्याने कसंबसं सोसलं होतं, पण त्यांचा चेहराही आपल्या हातून चाललाय हे त्याला सोसेना. खराखुरा चेहरा अंगावर काढून घ्यायचा, म्हणजे तो परत कुठे जाणार नाही, असं त्याने ठरवलं. जोकरवाली बाई मोबाईलमधून गेली. मला तिचं वाईट वाटलं नाही.

वारूळवाडीला एका मोबाईलच्या दुकानावर सुनीलची खोली आहे. एक खुर्ची, एक पंखा, भिंतीवर चित्रं. सुनील डिंभ्याकडचा. आधी नंबरप्लेटा आणि टेम्पोची मागची फळी रंगवायचा, मग चार वर्षं पुण्यात एका टॅटूच्या दुकानात राबला आणि परत आला. बोलतो कमी, खोडतो जास्त. गिऱ्हाईक आलं की पहिल्या भेटीत सुई हातात घ्यायची नाही, हा त्याचा नेम. म्हणून त्याच्याकडे गर्दी कमी असते.

"चिकानो पाहिजे," सुदर्शन म्हणाला आणि आधार कार्ड पुढे केलं. "ह्यांचा चेहरा. टोपी घालून."

"चिकानो का?"

"भारी दिसतं. काळं-करडं."

"ते लोक मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या घरांतले," सुनील म्हणाला. "आई काढतात, देव काढतात, जोडलेले हात काढतात, गेलेल्या माणसाचं नाव काढतात. त्यांची पद्धत घेऊ आपण. त्यांची माणसं नको. आपली आपल्याकडं हायेत की."

"म्हणून तर वडलांचा फोटो आणलाय."

सुनीलने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं. मग म्हणाला, "चार बोटं उंचीचा चेहरा होईल. पहिल्या वर्षी सगळे वा म्हणतील. पाच वर्षांनी पापणी अन् बुबुळ एक होईल. कातडीतली शाई पसरतीच, तिला कुणी अडवू शकत न्हाई. त्यात तू उन्हात राबणारा. दहा वर्षांनी तुझ्या खांद्यावर म्हातारा असंल, पण कोणता म्हातारा ते कळायचं न्हाई."

सुदर्शनचा आवाज चढला. "एकदा गेले तेवढं पुरं न्हाई का, भाऊ?"

"म्हणूनच सांगतोय," सुनील म्हणाला.

खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुनीलची आत्या, गोजरबाई. बाजाराला आली की डिंभ्याच्या गाडीची वाट बघायला ती भाच्याकडे बसते, कारण त्या गाडीचा नेम कुणालाच सांगता येत नाही. सुनीलने तिला हाक मारली, "आत्या, हात दाव ह्याला."

गोजरबाईने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण. लहानपणी गोंदणारीण दारावर आली होती तेव्हाचं, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं. कोपराजवळ ठिपक्यांची एक वेल होती. ठिपका अन् ठिपका वेगळा, सुटा, मोजून घ्यावा असा. मनगटाजवळ मात्र नुसता डाग होता, चिंचोक्याएवढा.

"हितं भावाचं नाव व्हतं," ती डागावर बोट ठेवून म्हणाली. "बारीक बारीक अक्षरं व्हती. बाई म्हणली, नाजूक काढते. लई नाजूक काढलं. आता काय ऱ्हायलंय? आन् हे ठिपकं बघ, जितल्या तितं. मोकळं व्हतं म्हणून ऱ्हायलं."

"भाऊ हायेत का?" सुदर्शनने विचारलं.

"गेला की. लई वर्सं झाली." तिने बाही खाली ओढली. "मेल्यावर अंगावरचं येवढंच संगं येतं म्हणत्यात. आता तिकडं गेल्यावर काय दावू, डाग?"

ती हसत होती. सुदर्शन हसला नाही. कार्ड खिशात घालून तो जिन्याकडे निघालाही होता. सुनीलने त्याला परत बसवलं. "डोळे मिट. चेहरा सोड, त्याच्या मागं लागू नको. काय दिसतंय सांग."

सुदर्शनने डोळे मिटले.

"हात," सुदर्शन म्हणाला. "डाव्या हाताचं पेर कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं होतं. त्या थोट्या बोटाने सुतळी दाबून धरायचे अन् उजव्या हातानं आठाची गाठ मारायचे. दिवसाला हजार गाठी. सगळ्या सारख्या."

सुनीलने कागद ओढला. आणि माझा दुसरा जन्म झाला. दोन हात, मध्ये खोड, आणि सुतळीचा छान वळणदार आठ. सुदर्शनने कागद बघितला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. सुनीलने सुतळीचा मराठी आठ काढला होता. ८. एका बाजूने सताड उघडा.

सुनीलला राग आला नाही, पण त्याला हसण्याचं कारण कळेना. तेव्हा सुदर्शनने त्याला सांगितलं. पहिलीत नुकते आकडे शिकल्यावर तो वडिलांबरोबर बांधणीला गेला होता. "आठ मार," वडील म्हणाले. पोराने शाळेत शिकलेला आठ मारला, झाडामागून झाड. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आख्खी सरी आडवी झाली. भिमाजी बांधावर बसून पोट धरधरून हसले. "आरं, ह्यो साळंतला आठ न्हाई. सायबाचा आठ. इंग्रजी."

"मग मारून दाखव तो," सुनीलने सुतळीचा तुकडा पुढे केला.

सुदर्शनने तुकडा हातात घेतला, दोनदा फिरवला आणि खाली ठेवला. त्याला येत नव्हतं. तो बांधणीला मशीन वापरतो, चिमट्यासारखं. टेप लागते, पिन बसते, काम पटापट होतं. वडील असेपर्यंत गाठ शिकायची गरज पडली नाही.

"आईला येते," तो म्हणाला.

आईला येत होती, पण आई यायला तयार नव्हती. "अंगावर माणूस काढून माणूस येतो का माघारी?" एवढं म्हणून ती चुलीकडे वळली. तीन दिवस तिने त्या विषयावर तोंड उघडलं नाही. सुदर्शनही हट्टाला पेटला. ओट्याच्या खांबाला काठी टेकवून तो सुतळी घेऊन बसायचा आणि गाठीमागून गाठी मारायचा. कधी शाळेतला आठ व्हायचा, कधी नुसती निरगाठ. प्रयागबाई दाणे निवडता निवडता तिरक्या नजरेने बघायची. चौथ्या दिवशी तिने सूप खाली ठेवलं. पोराच्या अंगावर गोंदण होतंय याचं तिला काय ते वाटत असेल, पण नवऱ्याची गाठ कुणी चुकीची मारतंय हे तिला बघवत नव्हतं.

"चल, कुठं हाय तुझा तो गोंदणारा," ती म्हणाली.

मोटारसायकलवर मागे ती, तिच्या मांडीवर फवारणीचा रिकामा पंप. पंप सुनीलने मागवला होता. का, ते कुणाला माहीत नव्हतं. खोलीत दोन पोरं मनगटावर पिसं काढायला आली होती. ती पंप बघून फिदीफिदी हसायला लागली. सुनीलने त्यांना उद्या बोलावलं.

प्रयागबाईने पंपाची नळी बांबू म्हणून उभी धरायला सांगितली आणि खोड म्हणून सुनीलचा पेन घेतला. तिचे हात नुसते चालत गेले. सुतळी आधी बांबूभोवती, मग दोहोंच्या मधून आडवी, मग खोडाभोवती, आणि गाठ बांबूच्या अंगाला. पेन त्या फेऱ्यात सैल हलत होता.

"पडंल की हे," सुदर्शन म्हणाला.

"न्हाई पडत. आवळलं तर मरतं." तिने पेन हलवून दाखवला. "आज खोड करंगळीयेवढं, म्हैन्यानं आंगठ्यायेवढं. त्याला वाढायला जागा नको? आवळून बांधलं का सुतळी आत रुततीया अन् वरचं समदं वाळतं. ते रोज सांगायचे, आधी जागा सोड, मंग गाठ मार."

सुनील हातातली पेन्सिल थांबवून तिच्याकडे बघत राहिला. "मावशी, त्या दिवशी मी ह्याला दुसरं काय सांगत व्हतो? कातडीचं बी हेच हाय. दोन रेषांत आधी जागा सोडायची."

मग त्याने तिला गाठ मारता मारता थांबायला सांगितलं आणि तिचे हात काढायला घेतले. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, पण आज सांगतो. माझ्यातले हात आधी प्रयागबाईचे होते. सुनीलने मनगटावरच्या बांगड्या कागदावर घेतल्याच नाहीत, बोटं जाड केली, नखं बोथट केली, शिरा वर आणल्या. ती शेजारी बसून सांगत होती. "आंगठा आणखी रुंद." "तळहाताला हितं घट्टा." तर्जनी आखूड करताना तिने त्याचा हात धरला, "आर्धं न्हाई, आख्खं पेर गेलं व्हतं. नख नव्हतंच." तिच्या हातांवरून हळूहळू त्यांचे हात झाले. शेवटी तिने कागदाकडे बघत पदराने नाक पुसलं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सुदर्शनला नाव पाहिजे होतं. चिकानो म्हटलं की वळणदार नाव आलंच. सुनीललाही अक्षरांचा मोह पडतो, जुना पेंटर तो. त्याने हातांखाली झोकात अक्षरं घातली, वेलांट्यांना शेपट्या दिल्या आणि वरची रेघ एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. कागद प्रयागबाईसमोर धरला.

ती चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर लावत तिने मोठ्याने वाचलं, "मि... मा... जी. मिमाजी." आणि मान वर केली. "ह्यो कोण मिमाजी?"

सुदर्शनने कपाळावर हात मारला. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा? डोक्यावरची रेघ जरा तुटली तर भ, सलग गेली की म. सुनीलच्या झोकात ती फट बुजली होती आणि भिमाजीचे मिमाजी झाले होते.

आपण कुणाचं नाव वाचायला गेलो, हे प्रयागबाईच्या उशिरा लक्षात आलं. तिचा चेहरा लाल झाला आणि तिने पदर तोंडाला लावला. लग्नात बायांनी अडवलं तेव्हा उखाण्यात लाजत लाजत 'भिमाजीरावांचं नाव घेते' म्हणाली होती, तेवढंच. त्यानंतर चौतीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. कचेरीत कुणी विचारलं तर पोराला पुढे करायची. घरात 'हे', दारात 'सुदाचे वडील', शेतात 'आवं'. त्या कागदावर नीट भ असता तर तिने ते वाचलंच नसतं.

"नाव नको," ती म्हणाली. "मी घेत न्हाई, अन् तू अंगावर घालून गावभर हिंडणार?"

"आई, पण नाव नसेल तर कळणार कसं कुणाचं आहे?"

"तुला कळतंय न्हवं? मला कळतंय."

सुनीलने रबर घेतला. बारीक अक्षरांचं काय होतं हे गोजरबाईच्या मनगटावर त्याने लहानपणापासून बघितलेलं आहे. आज झोकात बुजलेली फट उद्या कातडीत आपोआप बुजली असती. त्याने नाव पुसलं, आणि मी निनावी झालो.

मग पंपाचं कोडं सुटलं. सुनीलने सुदर्शनला शर्ट काढून पंप पाठीवर घ्यायला लावला, पट्टे आवळायला लावले, नळी फिरवायला लावली. पट्टा कुठे घासतो, घाम कुठून ओघळतो, हात वर केल्यावर कातडी किती ताणते, सगळं पेनाने खुणावून घेतलं. मी आधी खांद्याच्या माथ्यावर बसणार होतो, तिथून चार बोटं खाली आलो. चेहऱ्याला चार बोटं जागा ठरली होती, माझ्या हातांना त्याच्या दुप्पट मिळाली.

तिसरा जन्म सुईचा. दोन बैठका लागल्या. सुदर्शनने दात आवळून धरले आणि मध्येच विचारलं, "अजून किती?" सुनील म्हणाला, "आठ झाला, पानं ऱ्हायली." रेषा त्याने बेताच्या जाड ठेवल्या, सावली हलकी धरली, आणि आठाच्या दोन्ही फेऱ्यांत शाईचा थेंबसुद्धा पडू दिला नाही. तिथे सुदर्शनची कातडी आहे तशी आहे.

पंधरा दिवस ऊन नको, पंप नको, खाजवायचं नाही, असं बजावून सुनीलने पाठवलं. नवव्या दिवशी टोमॅटोवर करपा रोग दिसला आणि आमचे साहेब पंप घेऊन निघाले. पट्टा लागला नाही, पण घाम आणि औषधाचे तुषार लागले, खपली निघाली आणि माझ्या डाव्या पानाचा एक कोपरा कायमचा गेला. मला राग आला होता, अजूनही आहे. पण शेतकऱ्याच्या अंगावर राहायचं तर करपा माझ्यासाठी थांबणार नाही हेही मला कळलं.

आठ वर्षांत मी बरंच बघितलं. गोरखने जत्रेतल्या मांडवात दहा मिनिटांत मुकुटवाला सिंह काढून घेतला होता, खाली बारीक इंग्रजीत काहीतरी. तो सिंह आता भिजलेल्या मांजरासारखा दिसतो आणि गोरख पूर्ण बाहीचे शर्ट घालतो. सुदर्शनचं लग्न जमताना मुलीकडच्यांनी कुजबुज केली, "पोराच्या अंगावर चित्रं हायेत म्हणं." मुलीने, अक्षदाने, बघण्याच्या कार्यक्रमात सरळ विचारलं, "दाखवता का?" मला बघून ती म्हणाली, "बांधणी चालूय." तिला सगळं कळलं होतं. टोमॅटोवाल्याचीच मुलगी ती.

मी म्हातारा होतोय. काळा होतो तो आता निळसर दिसतो, करडी सावली फिकी झाली, रेषा केसभर जाड झाल्या. पण हात हातच आहेत आणि आठ आतून मोकळा आहे. मी बरा म्हातारा होतोय, असं म्हणायला हरकत नाही.

प्रयागबाईचं तसं नाही. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग चालत माहेरी निघायची. मग सुनेचं नाव गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे असंच हळूहळू वाढणार म्हणून सांगितलं. गेल्या दिवाळीत तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून अक्षदाला विचारलं, "ह्यो टोपीवाला पावणा कोण गं? कवाधरनं बसलाय, च्या तरी दे त्याला." अक्षदाने खरंच चहा करून फोटोसमोर ठेवला, कारण तो ठेवेपर्यंत म्हातारी शांत बसली नसती.

ते ऐकून सुदर्शन मागच्या दाराने बाहेर गेला. गोठ्याच्या भिंतीला टेकून किती तरी वेळ उभा होता. आई विसरली म्हणजे आता वडील फक्त आपल्या एकट्याच्या डोक्यात उरले, आणि आपल्या डोक्याचा काय भरवसा, ही त्याची भीती. तो हे कुणाला बोलला नाही. पण मी त्याच्या अंगावर आहे, त्याचा खांदा कधी ताठतो ते मला कळतं.

परवाची गोष्ट. बांधणीचे दिवस. दुपारी तो शेतातून आला, शर्ट काढला आणि अंगणातल्या नळाखाली वाकला. प्रयागबाई ओट्यावर बसली होती. तो पाणी अंगावर घेत असताना तिची नजर माझ्यावर पडली आणि खिळली. ती उठली, भिंत धरत धरत पायऱ्या उतरली आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिने ओल्या खांद्यावर हात ठेवला. तिचं बोट माझ्या डाव्या तर्जनीवर आलं, जिथे पेर नाही तिथे थांबलं. मग सुतळीवरून फिरत फिरत आठात गेलं.

"सैल हाय," ती म्हणाली. "बराबर हाय."

सुदर्शन वाकलेला तसाच राहिला.

"भिमाजीरावांचं हात हायेत हे," ती म्हणाली.

स्वच्छ, मोठ्याने, न लाजता. नाव घ्यायचं नसतं, हेही ती विसरली होती.

सुदर्शनने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं आणि त्याचा खांदा गदगदा हलत राहिला. ती त्याला विचारत होती, "पोरा, तू कोण? रडतुयास का?" आणि बोट मात्र तिथून काढत नव्हती.

तेव्हापासून तो घरात असला की शर्ट काढून तिच्या जवळ बसतो. कधी ती नाव घेते, कधी नाही घेत. गाठ मात्र रोज तपासते.

पुढच्या आठवड्यात सुदर्शन वारूळवाडीला जाणार आहे, मला पुन्हा गडद करून घ्यायला. सुनीलभाऊ, माझं तुझ्याकडे एकच मागणं आहे. रेषा ओढ, पानाचा गेलेला कोपरा भर, सावली हवी तेवढी चढव. पण आठाच्या आतली जागा भरू नकोस. खालच्या फेऱ्यात म्हातारीचं बोट बरोबर बसतं.